पेटीवाल्या टोकेकरांचं पोट

माधव नगरात श्रीनाथ टोकेकरांचं घर कुठे म्हणून विचारलं, तर समोरचा माणूस आधी उलट विचारतो, ‘कोण, पेटीवाले?’ वीज मंडळात त्यांनी चौतीस वर्षं काढली, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले, पण वीजवाले टोकेकर असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही. कारण गल्लीतल्या छोट्या राममंदिरात रामनवमीला जन्माचं कीर्तन होतं, आणि त्या कीर्तनाला बावीस वर्षं पेटीची साथ त्यांची. एवढ्या काळात कीर्तनकार बदलले, तबलजी बदलले, सतरंजीसुद्धा दोनदा बदलली. पेटीवर मात्र टोकेकर ते टोकेकरच.

माणूस तसा शिस्तीचा. धोतर-सदरा स्वतः इस्त्री करणार, पेटीवर मखमली कापड स्वतः घालणार, सभा साडेनऊची असेल तर नऊला हजर. देवाने या माणसाला सूर दिला, ताल दिला, वासंतीबाईंसारखी समजूतदार बायको दिली. फक्त पोट देताना त्याने हात आखडता घेतला.

पोटाचं हे दुखणं सात-आठ वर्षांचं. आजार म्हणावा तर माणूस दिसायला खणखणीत, आणि नाही म्हणावं तर सकाळी तीन-तीन वेळा धाव. कधी पोटात कळ, कधी नुसतीच गुडगुड, कधी दुपारपर्यंत पोट फुगून सदऱ्याचं बटण लागेना. बरं, हे रोज होईल असंही नाही. दोन दिवस सगळं सुरळीत चालायचं, टोकेकर गुणगुणायला लागायचे, की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाहेरगावचा माणूस उज्जैनला आला की देवळांची यादी करतो. टोकेकरांच्या डोक्यात दुसरीच यादी होती. टावर चौकात कुठल्या बँकेचा शिपाई ओळखीचा आहे, कुठल्या हॉटेलात आतपर्यंत जाऊ देतात, कुठल्या दवाखान्यात नंबर न लावता मागच्या दाराने जाता येतं, हे त्यांना पाठ होतं. इंदूर दीड तासावर, पण चार वर्षांत ते इंदूरला गेले नव्हते.

हे सगळं घरातल्या घरात होतं तोवर ठीक होतं. पण गेल्या रामनवमीला ते चव्हाट्यावर आलं.

कीर्तनाला देवासहून मंदारबुवा आले होते. तरुण माणूस, गळा चांगला, पण वेळ ताणायची फार हौस. बारा वाजायला पाच मिनिटं कमी, कौसल्येला कळा सुरू झालेल्या, बायकांच्या ओंजळीत फुलं, पुरुषांच्या मुठीत गुलाल, बुवा आवाज हळूहळू चढवतायत, आणि नेमकी तेव्हाच पेटी बंद पडली. लोकांना आधी वाटलं, बुवांनीच मुद्दाम शांतता पाडली असेल. बुवांनी वळून पाहिलं तर पेटीमागे कुणी नाही. टोकेकर बायकांच्या घोळक्यातून, गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून उड्या मारत मागच्या दाराकडे निघालेले. देवळाचा एकुलता एक संडास तिकडे. रामजन्म कोरडाच झाला, पाळणा काळी चारच्या पट्टीत सुरू होऊन, पेटीविना सूर उतरत उतरत, काळी दोनमध्ये संपला, आणि हा किस्सा संध्याकाळपर्यंत फ्रीगंजच्या प्रत्येक मराठी घरात पोहोचला. सुंठवडा घेताना कुणीतरी म्हणालं, ‘सगळ्यात जास्त टोकेकरांना द्या.’ लोक हसले. टोकेकरही हसले. नंतर मात्र आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत.

संक्रांत झाली आणि देवळाचे सेक्रेटरी शैलेंद्र अष्टपुत्रे घरी आले. तिळगूळ झाला, चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनी विषय काढला. फार अदबीने काढला, पण काढला. म्हणाले, यंदा पेटीवर चारुलताला बसवू. चारुलता मुंगी म्हणजे शाळेत संगीत शिकवणारी बाई, चाळिशीची, पेटी शिकली ती टोकेकरांकडेच. त्यामुळे पेटी घरच्याच माणसाकडे राहील, आणि टोकेकरांनी समोर खुर्चीवर बसून मानाने ऐकावं, असं अष्टपुत्र्यांचं म्हणणं.

टोकेकरांनी एवढंच विचारलं, की तोपर्यंत पोट ठीक झालं तर?

“तर पेटी तुमचीच. आमचं काय, आम्हाला पण तुमचीच आदत आहे. पण रामनवमीच्या आठ दिवस आधी पक्कं सांगा.”

अष्टपुत्रे गेले. टोकेकर पेटीच्या खोलीत गेले, दार लोटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना रडू आलं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस पोटापायी रडतो हे त्यांना इतकं लाजिरवाणं वाटलं की वासंतीबाईंची हाक आल्यावर त्यांनी उगाच भाता हलवून दोन सूर काढले.

दुसऱ्याच दिवशी वासंतीबाईंनी त्यांना डॉक्टर पूजाकडे नेलं. ही पोटाची डॉक्टर, उज्जैनचीच मुलगी, पस्तिशीची, बोलायला मोकळी. तिने रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, वयाकडे पाहून आतून दुर्बीणही फिरवून घेतली. सगळं ठीक निघालं. तिने समजावलं, की आतडी ठणठणीत आहेत, फक्त हळवी आहेत. दुसऱ्याला जे पचतं त्यावर ती चिडतात, कधी नुसत्या धास्तीनेही चिडतात. पण कशावर चिडतात हे मशीन सांगत नाही, ते ज्याचं त्याने शोधायचं. म्हणून एक वही घालायची. तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, वेळ लिहायची, आणि नंतर पोटाने काय केलं तेही लिहायचं. संशय येईल ती एकच गोष्ट बंद करायची, दोन-तीन आठवडे थांबायचं, मग ती परत खाऊन बघायची. कांद्याचा, लसणाचा, डाळींचा, दुधाचा बऱ्याच जणांना त्रास होतो, तर तिकडे जरा लक्ष ठेवा, असंही म्हणाली.

लसूण म्हटल्याबरोबर टोकेकर ताठ बसले. “लसूण आमच्या घरात येतच नाही, मॅडम. आईच्या वेळेपासून नाही. ते नाव तुम्ही काटूनच टाका.”

डॉक्टरने लसणावर काट मारली.

वही घाल म्हटल्यावर हेडक्लार्कला काय हवं? टोकेकरांनी टावर चौकातून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले: वेळ, पदार्थ, प्रमाण, परिणाम, शेरा. मंडळात असताना त्यांची कुठलीही नोंद कधी खोडलेली नव्हती, आणि या रजिस्टरातही ती परंपरा त्यांनी राखली. ‘सकाळी ७:४०, पोहे, एक बशी. ९:१५, गुडगुड, मध्यम.’ शेऱ्याच्या रकान्यात ते संशयिताचं नाव लिहायचे.

पहिला संशय दुधावर आला. चहा काळा झाला. तीन दिवसांत फरक पडेना, तर दुधाची सुटका करायच्या ऐवजी त्यांनी दुधासोबत गहूही कोठडीत टाकला. पोळ्या बंद. मग तुरीची डाळ. मग हरभऱ्याची उसळ, कोबी, फ्लॉवर. डॉक्टरने एका वेळी एकच आणि किमान दोन आठवडे म्हणून सांगितलं होतं, पण टोकेकरांपुढे रामनवमी उभी होती, त्यांना दम कुठला? त्यांनी सरसकट धरपकड सुरू केली. एक दिवस वासंतीबाईंच्या भरल्या वांग्यावर बालंट आलं. ही भाजी खायला लोक माळीपुऱ्यातून चालत यायचे. टोकेकरांनी ताट सरकवलं आणि म्हणाले की या घरच्या फोडणीतच काहीतरी गडबड आहे. वासंतीबाईंनी वाटी उचलली आणि आत नेली. नंतर आमटीवर संशय आला, आमटीतल्या चिंचेवर आला, शेवटी कढईवरही आला. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं म्हणजे काय ते पाहायचं असेल तर ते रजिस्टर पाहावं.

फेब्रुवारी संपता संपता टोकेकर फक्त मुगाच्या खिचडीवर आले. सकाळी खिचडी, रात्री खिचडी. वजन चार किलो उतरलं, गालांची हाडं वर आली, आणि पोट होतं तिथेच होतं. गुडगुड मध्यम, फुगारा जास्त, धाव तीन वेळा. डॉक्टर पूजाने वही पाहिली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतकं सगळं एकदम बंद करू नका म्हणून तिने त्यांना दटावलं, पण मुगाच्या खिचडीने पोट का बिघडावं हे तिलाही सांगता येईना. टोकेकर त्या दिवशी पायी घरी आले आणि वासंतीबाईंना म्हणाले, अष्टपुत्र्यांना फोन करून टाक. त्या म्हणाल्या, रंगपंचमीला मुलं येतायत, त्यानंतर बघू.

मुलं म्हणजे मुलगा रोहन आणि सून मुक्ता. दोघं पुण्यात नोकरी करतात. मुक्ता मूळची रत्नागिरीची. लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण उज्जैनला चार दिवस निवांत राहायची तिची ही पहिलीच वेळ. मुलगी मितभाषी. सासऱ्यांचं रजिस्टर तिने पहिल्याच दिवशी मागून घेतलं आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसं पानपान वाचलं. रंगपंचमीच्या दुपारी रंग धुऊन सगळे जेवायला बसले. बाकीच्यांना पुरणपोळी, टोकेकरांना खिचडी. त्यांनी दीड वाटी खिचडी वाढून घेतली, रजिस्टरात ‘१:२०, मुगाची खिचडी, दीड वाटी’ अशी नोंद केली, पेन खिशाला लावलं, डावीकडचा स्टीलचा डबा ओढला आणि मूठभर शेव खिचडीवर पसरली.

मुक्ताने एकदा ताटाकडे पाहिलं आणि एकदा वहीकडे.

“बाबा, शेव लिहिली नाहीत तुम्ही.”

“कुठली सेव?”

“ही. ताटातली.”

टोकेकरांनी ताटाकडे असं पाहिलं, की जणू ती शेव दुसऱ्याच कुणी टाकली असावी. “अगं, सेव काय लिहायची? ती काय खाण्यात मोजतात का? मी मीठ तरी लिहितो का?”

रोहन हसला. वासंतीबाईही मदतीला धावल्या. त्यांनी सुनेला समजावलं, की बेटा, इकडे सेव म्हणजे पदार्थ नाही, ती नुसती वरून असते.

“हो, पण आत जाते ना?” मुक्ता म्हणाली.



आता इथे मुक्ताची बाजू बरोबर असली तरी टोकेकरांवर अन्याय नको. माळव्यात जन्मलेल्या माणसाला शेव दिसत नाही. पोह्यांवर ती असते, पराठ्यासोबत असते, वरण-भातावर असते, दहीभातावर तर असतेच असते. कुणी आजारी पडलं तर त्याला पथ्याची खिचडी देतात आणि ती घशाखाली उतरावी म्हणून वर शेव घालतात. कुणी विचारलं की आज काय जेवलात, तर शेव जेवलो असं इथे कुणी सांगणार नाही. टोकेकरांचं घराणं शिंद्यांच्या काळात कारकुनीला इकडे आलं. सण-वार, सोवळं-ओवळं त्यांनी सात पिढ्या महाराष्ट्रातलं सांभाळलं. जिभेचं मात्र पहिल्या पिढीतच माळव्यात लग्न लागलेलं होतं.

मुक्ताने रजिस्टर उघडलं आणि एकेक नोंद वाचायला सुरुवात केली. पोहे? वर शेव. दहीभात? वर शेव. उकडलेले बटाटे? वर शेव. रात्री नऊला नुसतं ताक, ‘पोटाला आराम म्हणून’? टोकेकर म्हणाले, ताकासोबत नुसतीच एक मूठ, तोंडाला काहीतरी हवं म्हणून. दोन महिन्यांत शेवेशिवाय त्यांच्या पोटात गेलेल्या गोष्टी शोधून काढल्या तेव्हा त्या दोनच निघाल्या, पाणी आणि डॉक्टरची गोळी.

मग मुक्ता स्वयंपाकघरात गेली आणि शेवेची पिशवी घेऊन आली. टावर चौकातल्या नेहमीच्या दुकानातली पिशवी, आठवड्याला अर्धा किलो, टोकेकर संध्याकाळच्या फेरीला स्वतः जाऊन आणत. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: लहसुन सेव.

वासंतीबाईंनी पिशवी हातात घेतली. चाळीस वर्षं त्यांनी या घरात लसणाची पाकळी येऊ दिली नव्हती. सासूबाईंचा शब्द होता. माहेरी लसणाची चटणी खूप आवडायची, तीही त्यांनी सोडली होती. आणि इथे आठवड्याला अर्धा किलो लसूण स्टीलच्या डब्यात, देवघराच्या भिंतीला लागून, राजासारखा राहत होता. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या. टोकेकर म्हणाले, तो काही लसूण नव्हे, ती सेव आहे. पण म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पूजाला हे सांगितलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पुष्कळ वेळ ती हसत होती. मग गंभीर झाली.

“अंकल, गलती मेरी भी है. मैं भी यहीं की हूँ. मैंने सब पूछा, सेव नहीं पूछी.”

तिने सांगितलं ते असं. त्या शेवेत लसूण आहे, बेसन आहे, तिखट आहे, तळणीचं तेल आहे. यातला एक गुन्हेगार असेल किंवा टोळीही असेल, आत्ताच सांगता येत नाही. आणि हे ऐकून शेजाऱ्यांनी शेव सोडायचं काही कारण नाही, प्रत्येकाचं पोट वेगळं. टोकेकरांनी मात्र शेव पूर्ण बंद करायची, आणि बाकी ज्या गरीब बिचाऱ्या पदार्थांना घराबाहेर काढलंय त्यांना एकेक करून परत आत घ्यायचं.

शेव सोडणं टोकेकरांना जड गेलं. चार दिवस वरण-भात त्यांना ओळखीचाच वाटेना. संध्याकाळच्या फेरीला ते टावर चौकातून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालायचे, आणि घाण्यातला वास आला की पाय उचलायचे. पण पाचव्या दिवशी सकाळी ते एकदाच गेले. सहाव्या दिवशीही एकदाच. सातव्या दिवशी दुपारी सदऱ्याचं बटण लागलं. दुधाचा चहा परत आला, त्यापाठोपाठ पोळी आली.

आठव्या दिवशी वासंतीबाईंनी भरली वांगी केली. ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या. टोकेकरांनी दोन वांगी खाल्ली, रात्रभर वाट पाहिली, सकाळी वाट पाहिली. पोटाने चकार शब्द काढला नाही. तेव्हा ते ओट्यापाशी जाऊन उभे राहिले.

“तुझ्या हाताला मी नाव ठेवलं. तुझा काही दोष नव्हता.”

“मला माहीत होतं,” वासंतीबाई म्हणाल्या. “मी ऐकून घेतलं, कारण तुम्ही घाबरलेले होतात.”

टोकेकरांना यावर खूप काही बोलायचं होतं. ते कोथिंबीर निवडायला बसले.

अजून एक पायरी बाकी होती. अकराव्या दिवशी, रामनवमी जवळ आली म्हणून डॉक्टरने दिलेल्या सवलतीने, त्यांना एक लहान वाटी लसूण शेव मुद्दाम खायची होती. बाकी जेवण रोजचंच. टोकेकर हात धुऊन, पाटावर बसून, एखादं व्रत सोडावं तशी ती वाटी जेवले. चव काय अप्रतिम होती, हे त्यांनी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. पहाटे साडेपाचला पोटाने साक्ष दिली, आणि अशी दिली की शंकेला जागा उरली नाही. न्हाणीघरातून बाहेर आले ते हसतमुखाने. पोट बिघडलं म्हणून खूश झालेला माणूस माधव नगराने याआधी पाहिला नसेल. रजिस्टरात त्यांनी लाल शाईने लिहिलं: ‘सिद्ध.’

त्याच सकाळी त्यांनी अष्टपुत्र्यांना फोन केला. आठ दिवस उरले होते. अष्टपुत्रे म्हणाले, वा, मग पेटी तुमचीच.

इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. पण रामनवमी दोन दिवसांवर आली आणि टोकेकरांचं पोट पुन्हा गुडगुडायला लागलं. शेव नाही, लसूण नाही, काही नाही, तरी गुडगुड. त्यांनी रजिस्टर उलटंपालटं केलं, काही सापडेना. डॉक्टर पूजाने फोनवर विचारलं की अंकल, डर लग रहा है क्या? टोकेकर नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर वासंतीबाई म्हणाल्या, नाही काय म्हणता, रात्री दोनदा उठून मंदिराच्या मागच्या दाराच्या कडीबद्दल बोललात. पोटाला अन्न चिडवतं तशी धास्तीही चिडवते, हे डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण धास्तीला रजिस्टरात रकाना नव्हता.

वासंतीबाईंनीच मार्ग काढला. त्या म्हणाल्या, चारुलताला सांगून टाका. टोकेकरांना ते मरणासारखं वाटलं. ज्या मुलीला सा कुठे ते बोट धरून दाखवलं, तिला सांगायचं की माझं पोट धरवत नाही? सात-आठ वर्षं त्यांनी हे चार भिंतींत ठेवलं होतं. गेल्या वर्षी बोभाटा झाला तरी स्वतःच्या तोंडाने ते कुणापाशी बोलले नव्हते. शेवटी आदल्या संध्याकाळी ते चारुलताच्या घरी गेले, पाऊण तास रागांवर बोलले, आणि निघताना चपला घालता घालता सांगून टाकलं.

“उद्या तू बाजूला बस. मी डावा हात वर केला, की तू पेटी घे. मला जावं लागेल, किंवा नाही पण लागणार. पण तू बस.”

“बसते ना, सर,” चारुलता म्हणाली. “एवढंच ना?”

एवढंच होतं. टोकेकर घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी सलग झोपले.

रामनवमीला देऊळ तुडुंब भरलं. मंदारबुवांनी पूर्वरंगच सव्वा तास लावला. टोकेकर पेटीवर, शेजारी मांडी घालून चारुलता, आणि वासंतीबाई नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी, जिथून नवऱ्याचा चेहरा दिसतो तिथे. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. एकदा पोटात काहीतरी सरकलं. टोकेकरांनी शेजारी पाहिलं, चारुलता होती, आणि ते सरकलेलं आपोआप जागेवर बसलं. बारा वाजले. बुवांनी चढवत नेलेला सूर पेटीने शेवटपर्यंत उचलून धरला, घंटा झाली, फुलं उडाली, गुलाल उडाला, राम सुरात जन्मला. पाळण्याचं पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गर्दीतल्या पुष्कळ जणांनी पेटीकडे पाहून मान डोलावली. गेल्या वर्षी हसलेले त्यात होते.

आणि तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी टोकेकरांनी डावा हात वर केला.

चारुलताने एक सूरही न गाळता पेटी घेतली. मागे वासंतीबाई ताडकन उठल्या आणि ‘सरका, सरका’ करत बायकांना बाजूला करायला लागल्या. अष्टपुत्र्यांनी धावत जाऊन मागचं दार उघडून धरलं. रस्ता एकदम मोकळा झाला. टोकेकर उठले, धोतर सावरलं, आणि त्या मोकळ्या रस्त्याकडे पाठ करून सरळ पाळण्याकडे चालायला लागले.

पाळण्याची दोरी ओढायला रांग होती. पण त्यांना येताना पाहून लोकांनी पुढे जागा केली. बावीस वर्षं या पाळण्याला त्यांनी सूर दिला होता, म्हणून बावीस वर्षांत एकदाही त्याची दोरी त्यांच्या हातात आली नव्हती. दर वर्षी सगळा गाव झोका द्यायचा आणि टोकेकर पेटीमागून बघायचे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, वासंतीबाईंनासुद्धा नाही. आता त्यांनी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि सावकाश झोका दिला. दाराशी वासंतीबाई उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसत हसायला लागल्या. रांगेतल्या एका बाईंनी हळूच सांगितलं, की टोकेकर साहेब, बाकीच्यांना पण द्यायचाय झोका. टोकेकरांनी मान हलवली, आणि आणखी दोन झोके दिले.